वेताळाच्या नाकपुड्या

दर रविवारी सकाळी, चहाचा पहिला घोट माझ्या घशाखाली उतरतो न उतरतो तोच, समोरच्या बाल्कनीत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ लुंगी खोचून येतात आणि वेताळाच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघतात.

वेताळ म्हणजे साक्षात वेताळ. लाकडात कोरलेला, परातीएवढा रुंद, तांबडाभडक मुखवटा. डोळे बाहेर आलेले, दात आवळलेले, नाक म्हणजे नुसता ठोकळा. कपाळावर कवड्यांची दुहेरी झालर, कानांच्या जागी कवड्यांचे घोस, आणि डोक्यावर मोरपिसांचा असा तुरा की सोसायटीतल्या कबुतरांनी त्या घराशी कायमचे संबंध तोडले आहेत. गृहस्थ आधी बॅटरी मारतात. मग दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घालून मागची बाजू तपासतात. दाढीच्या ब्रशानं एकेक पीस झटकतात, एकेक कवडी चिमटीत धरून ओढून बघतात, आणि शेवटी वेताळाच्या नजरेला नजर देऊन म्हणतात, "ठीक. आता पुढच्या रविवारी."

हे आमचे मोघेकाका. बडोद्यात मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत दोन इमारती समोरासमोर आहेत. त्यांच्या आणि माझ्या बाल्कनीत एक बदामाचं झाड आणि चेअरमन जयंतीभाईंची गाडी, एवढंच अंतर. त्यामुळे काकांचं आयुष्य मला तिकीट न काढता बघायला मिळतं, आणि मी ते पहिल्या रांगेत बसून बघतो.

काका चिडलेले असतात. कशावर, हा प्रश्न गैरलागू आहे. सूर्य उगवतो तसे काका चिडतात. त्याला कारण लागत नाही, सकाळ पुरते. बाजव्याकडच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांनी उभी नोकरी सेफ्टी खात्यात काढली. कामगारांचे गॅसचे मास्क तपासायचे, टाकीत माणूस उतरायचा असेल तर परमिट द्यायचं, आणि बहुतेक वेळा द्यायचं नाही, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कारखान्यानं त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, पण परमिटाचा अधिकार काढून घ्यायला विसरला. तो घेऊन काका बडोद्यात मोकळे सुटले आहेत. जिथं जातील तिथं कमरेवर हात ठेवून उभे राहतात, डोळे बारीक करतात आणि गरजतात, "हे पास कोणी केलं?"

कोपऱ्यावर सेव-उसळीची गाडी आहे. बडोद्यात जन्मलेला माणूस त्या गाडीसमोर उभा राहिला की बाकीचं जग विसरतो. काका उसळीकडे बघतच नाहीत, ते खाली वाकून शेगडीची नळी बघतात. "ही नळी पास कोणी केली?" गाडीवाला हात जोडून म्हणतो, "काका, तमे खावा आव्या छो के रेड पाडवा?" खायला आलात की धाड घालायला! काका खातात, पण उभ्यानं, गाडीपासून तीन हात लांब, वाऱ्याची दिशा बघून.

उन्हाळ्यात आमच्याकडच्या मुली ओढणीनं अख्खं तोंड गुंडाळून स्कूटरवरून जातात, नुसते डोळे दिसतात. परक्या शहरातून आलेल्या माणसाला वाटावं, दरोडा पडला. सिग्नलला अशा एका मुलीला काकांनी थांबवून सांगितलं, "बेटा, सील बरोबर बसलं नाही. नाकाच्या बाजूनं हवा शिरते." ती म्हणाली, "अंकल, आ तो तडका माटे छे." उन्हासाठी बांधलंय हो! काका म्हणाले, "उन्हासाठी असेल, पण केलंय ना? मग नीट करा." सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षावाल्यानं काकांना उद्देशून जे म्हटलं ते मी इथं लिहीत नाही.

माझ्या पुतणीच्या लग्नात तर कहर झाला. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं शेवटाला आलेली, भटजींनी गळा काढून "सावधान!" म्हटलं, आणि मागून काकांचा आवाज आला, "सावधान नुसतं म्हणू नका! हॉलचं दुसरं दार बाहेरून बंद आहे, ते आधी उघडा!" अक्षता हातातच राहिल्या. नवरदेवाचा मामा दार उघडायला धावला. ते उघडल्यावर काकांनी मान हलवली, मगच माझी पुतणी सासरी गेली. व्याही अजून विचारतात, "ते दारवाले काका बरे आहेत ना?"

या माणसाबरोबर सुमनकाकींनी संसार केला. काकी बुटक्या, गोऱ्या, हसऱ्या. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढल्या की वरूनच ओरडायच्या, "अहो, परमिट देताय, की उतरू?" काका हातातलं काम टाकून धावत यायचे, दोन्ही हातांनी स्टूल धरायचे, आणि काकी उतरेपर्यंत सोडायचे नाहीत. काकी मुद्दाम वर रेंगाळायच्या. डबा उघडून बघायच्या, पुसायच्या, मला समोरून डोळा मारायच्या. काका खालून धुमसत राहायचे, पण हात सोडायचे नाहीत. त्याबद्दल त्यांचा एक नियम आहे आणि तो त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलाय की झोपेतून उठवलंत तरी मी म्हणून दाखवीन: टाकीत माणूस उतरला की तोंडाशी दुसरा माणूस उभा ठेवायचा. त्याला म्हणायचं 'बाहेरचा माणूस'. आतला माणूस बाहेर येईपर्यंत बाहेरच्या माणसानं हलायचं नाही. जेवायला नाही, पाणी प्यायला नाही, आग लागली तरी नाही.

संध्याकाळी दोघं जमिनीवर पट मांडून सारीपाट खेळायची. फरशीवर कवड्या पडल्याचा टकटक आवाज आमच्या बाल्कनीपर्यंत यायचा. काकी सर्रास लबाडी करायच्या. मग काकांचा आवाज, "हे दान पास कोणी केलं?" आणि काकींचं हसणं. चार वर्षांपूर्वी काकी गेल्या, फुप्फुसांच्या आजारानं. तेव्हापासून समोरून फक्त वेताळ दिसतो.

आता हा वेताळ मांजलपुरात आला कुठून?

काकांच्या कारखान्यात टाक्या साफ करणाऱ्या टोळीत जानूभाई नावाचे एक डांगातले गृहस्थ होते. आहव्याच्याही पुढे, सागाच्या जंगलात त्यांचं गाव. त्यांची डांगी बोली आणि आपली मराठी या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी, त्यामुळे काकांचं आणि त्यांचं जमलं. जमलं म्हणजे काका त्यांच्यावर वर्षानुवर्षं ओरडले. दोघंही निवृत्त झाले तेव्हा जानूभाई म्हणाले, "साहेब, जन्मभर मास्क मास्क केलं तुमी. आता आमचा मास्क बघायला या."

उन्हाळ्यात त्यांच्या गावात देवांची सोंगं नाचतात. प्रत्येक देवाचा मुखवटा, आणि तो घालायचा मान ठरलेल्या घराचा. वेताळाचा मान जानूभाईंच्या घराकडे. काका गेले ते कमरेवर हात ठेवूनच. आणि तिथं त्यांनी काय बघितलं? मुखवट्याच्या आतल्या माणसाला नीट दिसत नाही, म्हणून एक माणूस हातात टेंभा घेऊन त्याच्यासमोर उलट्या पावलांनी चालतो. वाट दाखवतो, खड्डा सांगतो, एक क्षण नजर काढत नाही. काका मला सांगताना उभे राहिले होते. "प्रमोद, बाहेरचा माणूस! अरे, आमच्या कारखान्यात जे शिकवायला मला जन्म गेला, ते त्यांच्याकडे आधीपासून पास आहे!"

अख्ख्या जगात काकांना पसंत पडलेली ही एकमेव गोष्ट. दुसऱ्या वर्षी टेंभा काकांच्या हातात होता. गावानं दिला, असं काका म्हणतात. "साहेबांनी सोडलाच नाही," असं जानूभाई म्हणतात. तेव्हापासून दर वर्षी वेताळासमोर नारिंगी जाकीट घातलेला, तोंडात शिट्टी धरलेला एक कोकणस्थ म्हातारा उलटा चालतो, आणि गावातल्या पोरांना वाटतं, हेही एक सोंगच आहे. फार जुनं असणार.

एका पावसाळ्यात जानूभाईंच्या घरात वाळवी लागली. काका मुखवटा "दुरुस्तीला" म्हणून बडोद्याला घेऊन आले आणि तो इथंच राहायला लागला. उन्हाळ्यात गावी जातो, नाचून परत येतो. जानूभाईंची तक्रार नाही. "वाळवीसुद्धा मोघेसाहेबांना भिते," ते म्हणतात. तक्रार जयंतीभाईंची होती. ते हळूच वर येऊन म्हणाले, "मोघेसाहेब, बाळकांना बीक लागते, आ भूत अंदर राखो ने." पोरं भितात, हे भूत आत ठेवा ना. काका उसळले. "भूत नाही, भुतांचा राजा आहे! भूत असतं तर मीच घरात घेतलं नसतं!" जयंतीभाईंना या उत्तरानं धीर कसा आला कळत नाही, पण आला. आता बाहेरगावी जाताना ते वेताळाकडे बघून हात जोडतात.

तर इतकी वर्षं सगळं सुरळीत चालू होतं. गेल्या उन्हाळ्यात जानूभाई नाचून आले, मुखवटा काढला, आणि मटकन खाली बसले. ओठ काळेनिळे. वय झालं होतं, हवा पुरत नव्हती. काकांनी गावच्या चौकात उभं राहून अख्ख्या गावाला झापलं. "नाकाला भोकंच नाहीत! हे पास कोणी केलं?" गावातला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "साहेब, वेताळ आहे तो. वेताळ कुठं श्वास घेतो?" सगळे हसले. काका हसले नाहीत. बडोद्याला परत आल्यावर कितीतरी दिवस ते वेताळासमोर बसून त्याच्या ठोकळ्या नाकाकडे बघायचे.

माघातल्या एका रविवारी बाल्कनीतून ड्रिलचा आवाज आला. मी चहा टाकून उठलो. काकांनी वेताळाला मांडीवर उताणं घेतलं होतं आणि त्याला नाकपुड्या पाडत होते. दोन गोल, समान, कानसेनं गुळगुळीत केलेल्या. त्यावर न थांबता आतून कपाळाशी फोमची पट्टी लावली, मागे रुंद इलॅस्टिक बसवलं, ओढून ताणून बघितलं. मला पाहून ओरडले, "काय बघतोस? आता झाला मास्क!"

आणि इथं मी एक खोडी काढली. माझी मेहुणी वैशाली कला शिकवते. जुन्या लोककलेच्या वस्तू हा तिचा जीव. ती आमच्याकडे आली होती. मी म्हटलं, "वैशाली, समोर चल, तुला एक चीज दाखवतो." दोन तोफा एकमेकींसमोर आणून ठेवायची संधी माणसाला रोज मिळत नाही.

वेताळ बघून वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका! केवढी मोठी परंपरा! या कवड्यांवरचा रंग बघा, हात लागून लागून हस्तिदंतासारखा झालाय. असा शोपीस मी—"

"शोपीस?" काका.

"म्हणजे, कलाकृती—"

"कलाकृती?" काका आणखी वर चढले. "घालायची वस्तू आहे ही! तुझ्या चपलेला तू कलाकृती म्हणतेस का?"

वैशालीनं ते मनावर घेतलं नाही. तिनं मुखवटा अलगद तिरका केला, आणि तिची नजर नाकावर गेली. मग तिनं तो उलटा केला. फोम दिसला. इलॅस्टिक दिसलं. मी पंखा बंद केला, म्हणजे एक शब्द निसटायला नको.

"हे..." तिनं फोमवर बोट ठेवलं. "हे पास कोणी केलं?"

देवाशपथ सांगतो, मी तिला शिकवलं नव्हतं. ते वाक्य तिच्या तोंडून आपसूक आलं. काकांनी जन्मात पहिल्यांदा ते समोरून ऐकलं, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"मी," ते म्हणाले.

"तुम्ही? तुम्हाला काय अधिकार? तीन-चार पिढ्यांचं लाकूड आहे हे! कुणाचा तरी देव आहे! देवाच्या नाकात ड्रिल घातलंत?"

"देवाच्या नाकात नाही! देवाच्या आत जो माणूस असतो त्याच्यासाठी! त्याला नको का श्वास?"

"त्यांना विचारलंत? ज्यांचा आहे त्यांना?"

रागानं लाल झालेला तो माणूस माझ्यादेखत हळूहळू फिका पडला. विचारलं नव्हतं. आयुष्यभर ज्या माणसानं परमिटाशिवाय खिळा ठोकू दिला नाही, त्यानं दुसऱ्याच्या देवाला विनापरमिट भोकं पाडली होती.

"जानूभाई कधी येणार आहेत न्यायला?" वैशालीनं विचारलं.

"रविवारी."

"मीही येते," ती म्हणाली. "शिकलेल्या लोकांच्या वतीनं कुणीतरी माफी मागायला हवी." आणि पदर खोचून निघून गेली. जिन्यात मला म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला हसू कसं येतं हो?" मी म्हटलं, मी आणत नाही, ते आपोआप येतं.

पण शनिवारी मात्र मला हसू आलं नाही. संध्याकाळी काकांकडे गेलो तर ते वेताळासमोर पाटावर बसलेले. दिवा लावलेला नव्हता. मला बघून म्हणाले, "प्रमोद, जानूनं मुखवटा नेला नाही तर?"

"नेतील हो, काका."

"गाव नको म्हणालं तर? भोकं पडलेला देव नाचत नसेल त्यांच्यात, तर? त्याचा मान जाईल. त्याच्या बापाच्या बापाचा मान. माझ्यामुळे." मग जरा थांबून, अगदी हळू, "आणि मी कोणासमोर चालू?"

तेवढ्यात ते पुन्हा चिडले. बरं वाटलं मला.

"पण मी तरी काय करणार होतो? तुला माहितीय, तिच्या वेळी मी काचेबाहेर उभा होतो. आत तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मला बाहेरून दिसत होतं, नाकाच्या डाव्या बाजूला सील बसलेलं नाही. पट्टी अर्धा इंच ओढायची, बस्स! जन्मभर तेच केलं रे मी! काच ठोकली, हातानं खुणा केल्या. नर्स आली, म्हणाली, काका, आत यायला परवानगी नाही, संसर्गाचा नियम आहे, तुम्ही खाली बसा. मला खाली पाठवलं. बाहेरच्या माणसाला!" त्यांनी मांडीवर मूठ आपटली. "मी नियम वाचला. पूर्ण वाचला. काही चूक नव्हती त्यात. तो नियम माझ्यासमोर आला असता तर मीच पास केला असता. त्याचाच तर राग येतो!"

रविवारी जानूभाई आले. किडकिडीत, काळेसावळे, डोक्याला पांढरा फडका, खांद्यावर मुखवटा गुंडाळायला धुतलेलं धोतर. वैशाली आधीच येऊन खुर्चीच्या कडेवर बसली होती. काकांनी पाणी दिलं, चहा दिला, आणि मग न बोलता वेताळ त्यांच्या हातात दिला. स्वतः कमरेवर हात ठेवायला गेले, पण हात तिथं राहिनात, ते पाठीमागे नेले.

जानूभाईंनी मुखवटा बघितला. नाकावरून बोट फिरवलं. एका नाकपुडीत करंगळी घातली.

"जानूभाई," वैशालीचा धीर सुटला, "यांनी तुमच्या देवाच्या नाकाला भोकं पाडली हो! आम्हाला फार वाईट वाटतंय."

जानूभाई तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, नाकाला दुसरं काय असतं?"

मला ठसका लागला. वैशाली उघड्या तोंडानं बसली. पण जानूभाई हसत नव्हते. मुखवटा मांडीवर ठेवून ते काकांना म्हणाले, "साहेब, माझं काय नाय. मला बरंच आहे. पण गावाला नाय चालणार. वेताळाच्या आतला माणूस दिसला नाय पायजे. भोकातून नाक दिसंल, पोरं हसतील. भगत मला नाचू नाय देणार."

"मग मी बुजवतो," काका घाईनं म्हणाले. "लाकडाची पाचर मारतो, लांबी भरतो, रंग देतो, कळणार नाही कुणाला. आत्ता करतो!" बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. "पण मग तू नाचू नकोस, जानू. गेल्या वर्षी तुझे ओठ बघितलेत मी. मी उभा राहणार नाही समोर. नाही राहणार!"

"मी नाय नाचलो तर कोण नाचंल? पोरगा सुरतेला. मान जाईल."

बंद केलं तर माणूस गुदमरणार, उघडं ठेवलं तर मान जाणार. खाली जयंतीभाई गाडी धूत होते, त्या पाण्याचा आवाज येत होता. जानूभाई कपाळावरच्या झालरीशी चाळा करत होते. एक कवडी त्यांनी बोटानं उलटी केली आणि थांबले.

"कवडी लावू," ते म्हणाले.

"काय?"

"नाकावर कवडी. दोन बाजूला दोन. बघा ना साहेब," त्यांनी झालरीतली कवडी उचलून दाखवली. शिवायची कवडी पाठीकडून घासून सपाट केलेली असते; मागून पोकळ, आणि पुढं तिची ती दातेरी फट. जानूभाईंनी तिच्यावर फुंकर मारली. फटीतून वारा माझ्या हाताला लागला. "हवा जाईल. माणूस नाय दिसायचा. गाव म्हणंल, वेताळाला दागिना झाला."

काकांनी ती कवडी हातात घेतली, डोळे बारीक केले, बॅटरी मारली. दिवसाउजेडी. "जाईल," ते म्हणाले. "हवा जाईल."

"पण काका, बाजारातल्या कवड्या नकोत," वैशालीला राहवेना. "त्या चुनखडीसारख्या पांढऱ्या असतात, बारीक. इतक्या जुन्या कवड्यांत डोळ्यात खुपतील. जुन्याच हव्यात. मोठ्या, हाताळलेल्या."

"आणि विकतच्या चालत नाय," जानूभाई म्हणाले. "ही झालर आहे ना ताई, ती विकतची नाय. एकेक कवडी कुणाच्या तरी घरची. घरातलं माणूस गेलं, की त्याच्या नावानं घरची कवडी वेताळाला द्यायची. मग ते माणूस वेताळासंगं नाचतं वर्षाला. ही माझ्या आईची. ही काकाची. घरची पायजे."

काका उठले. आत गेले. बराच वेळ आले नाहीत. कपाटाचं दार वाजलं, मग काही नाही. मग आले ते हातात पेढ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन. झाकण घट्ट बसलं होतं. चार वर्षं कोणी उघडलं नव्हतं. काकांनी ते नखानं उचकटलं. आत पट घडी करून ठेवलेला, आणि वर सात कवड्या. पिवळसर, मोठ्या, खेळून खेळून गुळगुळीत झालेल्या.

"काका," मी म्हटलं, "दोन दिल्या तर डाव मांडता येणार नाही पुन्हा."

"कोणाशी मांडायचाय?" ते खेकसले.

त्यांनी दोन कवड्या निवडल्या. निवडल्या म्हणजे सातही हातात खुळखुळवल्या आणि फरशीवर टाकल्या. तो टकटक आवाज झाला, आणि मी खिडकीबाहेर बदामाच्या झाडाकडे बघायला लागलो. दोन उपड्या पडल्या होत्या. त्या उचलून काका बाल्कनीत दगडावर घासायला बसले. घासताना पुटपुटत होते. "लबाड होती. नेहमी बोटानं फिरवायची. म्हणायची, वारा आला." दोऱ्याला जागा हवी म्हणून नाकाशी आणखी चार बारीक भोकं पाडावी लागली. वैशालीनं डोळे मिटून घेतले, पण मुखवटा तिनंच दोन्ही हातांनी धरून ठेवला. मेणदोऱ्याची शेवटची गाठ बसेपर्यंत.

"साहेब," जानूभाई म्हणाले, "नाव घ्यावं लागतं. कोणाच्या नावानं?"

काका अडले. जुन्या वळणाचा माणूस. "अहो", "ऐकलंस का", "इकडे ये", याच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. लग्नात घास भरवताना घेतलं असेल नाव, तेवढंच. त्यांनी आमच्याकडे रागानं बघितलं, जणू आम्ही कारण नसताना त्यांच्या घरात उभे होतो. मग वेताळाच्या कानाशी वाकले.

"सुमन," म्हणाले.

जानूभाईंनी मान हलवली, फडका सोडला आणि मुखवटा डोक्यावर चढवला. मोरपिसं पंख्याला लागू नयेत म्हणून मी पळत जाऊन पंखा बंद केला. इलॅस्टिक बसलं. फोम बसला. त्या चिंचोळ्या खोलीत एकाएकी जानूभाई नव्हतेच. तांबडा, दात आवळलेला, नाकात दोन पिवळ्या कवड्यांचा दागिना घातलेला वेताळ उभा होता. वैशाली खुर्चीवरून उठून उभी राहिली.

काका त्याच्यासमोर गेले आणि त्यांनी उजवा तळहात नाकासमोर धरला. कवडीपासून बोटभर अंतरावर.

"काका, पास?" मी हळूच विचारलं.

"गप्प बस!" ते ओरडले. मग आवाज उतरला. "येतोय. डावीकडून पण येतोय."

तपासणी झाली होती. कोणत्याही कारखान्यात याला एक मिनिट पुरतं. पण काकांनी हात काढला नाही. डोळे मिटले, तळहात तसाच धरला, आणि वेताळाचा श्वास हातावर घेत उभे राहिले. खाली जयंतीभाईंनी पाइप बंद केला. वैशालीनं माझ्याकडे बघितलं, मी तिला मानेनंच बोलू नकोस म्हटलं.

आतला माणूस बाहेर येईपर्यंत बाहेरच्या माणसानं हलायचं नाही, हा नियम जानूभाईंनाही पाठ होता. त्या दिवशी त्यांनी बाहेर यायची मुळीच घाई केली नाही.